सात एकतीस आणि नऊ सेकंद

आकाशाकडे बघून मी पहिल्यांदा खोटं बोलले तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होते. त्या वयात बायका खोटं बोलायचंच असेल तर वजनाबद्दल बोलतात, माहेरच्या लग्नातल्या आहेराबद्दल बोलतात. मी एका रॉकेटच्या रिकाम्या टाकीबद्दल बोलले. आता नातवंडं विचारतात, "आजी, तू शास्त्रज्ञ होतीस?" मी सांगते, नाही रे, मी खळ्यात घड्याळ घेऊन येरझाऱ्या घालणारी बाई होते, आणि त्यातही एकदा घोटाळा केला. तो घोटाळा ती फार आवडीनं ऐकतात. मलाही सांगायला आवडतो, कारण त्या वेळची ती मास्तरीण मला अजून पुरती आवडलेली नाही.

आमचं घर खर्डी स्टेशनपासून तीनेक किलोमीटर आत. घरची भातशेती, पुढे सारवलेलं खळं, मागे दोन आंबे. मी शहापूरला हायस्कुलात विज्ञान आणि गणित शिकवायचे. नवरा कल्याणला नोकरीला. तो घरी येईपर्यंत आकाशातलं जे काही व्हायचं ते होऊन गेलेलं असायचं. घरात मी आणि सासूबाई. दोघींपैकी एक जण शांत होती. ती मी नव्हे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला पुण्याहून एक निवृत्त प्राध्यापक आले. त्यांना सगळे नुसतंच सर म्हणत. त्यांना छंद होता पडत्या वस्तूंचा. रॉकेट उपग्रह वर नेऊन सोडतं आणि त्याचा शेवटचा रिकामा भाग तिथेच पृथ्वीभोवती फिरत राहतो. तितक्या उंचीवरही विरळ का होईना, हवा असते. तिला घासत घासत तो रोज थोडा खाली येतो. खाली आला की त्याचं वर्तुळ लहान होतं आणि फेरी लवकर संपते. म्हणून पडायला आलेली वस्तू अंदाजापेक्षा लवकर येते. आज अर्धं मिनिट, परवा दोन मिनिटं, आणि एके दिवशी येतच नाही, कारण कुठल्या तरी समुद्रावर जळून गेलेली असते. ती नेमकी कधी पडणार हे कोणालाच छातीठोक सांगता येत नाही. पण ठिकठिकाणच्या माणसांनी ती दिसल्याच्या वेळा टिपून पाठवल्या, तर अंदाज सुधारतो. सरांनी राज्यभरात अशा वीसेक माणसांचं मंडळ जमवलं होतं. दर महिन्याला ते सगळ्यांना एक झेरॉक्स यादी पाठवत. गाव, दिवस, वेळ. पुढचे अंदाज दुसऱ्या कागदावर.

"तुमच्याकडे अंधार चांगला आहे," सर म्हणाले. आमच्या गावाचं इतकं कौतुक त्याआधी कोणी केलं नव्हतं. मी हात वर केला.

त्याच भाषणाला मागच्या बाकावर धसईचे एक गृहस्थ बसले होते. मुरबाडच्या स्टँडवर एसटीचे कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. गाडी किती वाजता आली, किती वाजता सुटली, हे लिहिण्यात त्यांची नोकरी गेली होती. पुढे मी त्यांना काका म्हणू लागले. भाषण संपल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला. "साहेब, ही गाडी रोज टायमाच्या आधी येते म्हणता. मग तिचा टाइमटेबल कोण बदलतो?"

सर म्हणाले, "तुम्ही बदलायचा." काकांनी तिथल्या तिथे नाव दिलं.

अशी आम्ही दोघं त्या यादीत आलो, एकाखाली एक. खर्डी आणि धसई. मधे चाळीसेक किलोमीटरचं अंतर, पण असल्या टाकीला ते पाच-सहा सेकंदांचं. म्हणजे दोघांच्या वेळा जवळजवळ सारख्या यायला हव्यात. सरांना याचा मोठा आधार होता: एकाची वेळ दुसऱ्यावर घासून बघता यायची. मला त्याचा त्रास होता. माझ्या नोंदी एकेचाळीस झाल्या तेव्हा काकांच्या चव्वेचाळीस होत्या. एकदा त्यांनी चुकून विमान टिपलं. सरांनी यादीखाली बारीक अक्षरात तसं छापलं. ती ओळ मी तीनदा वाचली आणि चौथ्यांदा सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवली.

"तुला काय मिळालं त्यात?" त्या म्हणाल्या.

काहीच मिळालं नव्हतं. पण दिवस छान गेला होता.

काम करायची रीत सोपी होती. शाळेच्या खेळाच्या कपाटातलं स्टॉपवॉच मी घरीच ठेवून घेतलं होतं. दोन वर्षं आमची मुलं शंभर मीटर धावली ती पीटीच्या सरांच्या मनगटी घड्याळावर. रेडिओवर सातच्या बातम्यांआधी टिकटिक वाजते, तिच्या शेवटच्या ठोक्याला घड्याळ सुरू करायचं. मग खळ्यात जायचं, पश्चिमेकडे तोंड करून. एक ठिपका येतो, न लुकलुकणारा, घाईत असलेला. तो ठरवलेल्या ताऱ्याच्या जवळून गेला की बटण दाबायचं. दोन-तीन मिनिटांत सगळा खेळ आटपतो. पण त्याआधीचा अर्धा तास माझे पाय जमिनीवर टिकत नसत. अंगणाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे, मधे रेडिओ बंद केला का ते बघायला आत, पुन्हा बाहेर. सासूबाई ओट्यावर पाय सोडून बसत आणि म्हणत, "पावना यायचाय का तुला न्यायला?"

तो घोटाळा झाला ते वर्ष नव्या शतकाच्या गडबडीनंतरचं. मार्च महिना होता. एक मोठी टाकी शेवटच्या फेऱ्यांत होती. व्याध ताऱ्यापेक्षा ठळक, अंधुक संध्याकाळीही दिसणारी. सरांनी सोमवारी फोन करून अंदाज सांगितला होता, कारण टपालानं येईपर्यंत तो शिळा झाला असता. मी तो कागदावर उतरवून घेतला: बुधवारी, सात वाजून एकतीस मिनिटं.

त्याच बुधवारी सासूबाईंनी राब लावायचा ठरवला. आमच्याकडे भाताचं रोप टाकायची जागा आधी भाजतात. शेण, त्यावर झाडांचा तोडलेला टाहाळ, त्यावर पालापाचोळा, वरून माती, आणि वारा पडला की पेटवायचा. तो धुमसत राहतो आणि धूर जमिनीलगत आडवा पसरतो, उठायचं नाव घेत नाही.

मी शाळेतून आले तेव्हा त्या काडेपेटी घेऊन निघाल्या होत्या.

"आज नको ना. उद्या लावा."

"उद्या वारा काय तुला इचारून पडनार हाय?"

"मला साडेसातला आकाश पाहिजे."

"मंग बघ की. म्या काय आकाश पेटवतेय?"

मी बरंच बोलले. सात वाजता घड्याळ सुरू करून बाहेर आले तेव्हाही बोलतच होते, आणि शेताच्या बांधावर उभं राहून आम्ही दोघी राबावरून भांडत होतो. राब आपला शांतपणे जळत होता. धूर आधी खळ्यात आला. मी मागे आंब्याखाली गेले. तो मागे आला. मी पेंढ्याच्या उडवीवर चढले, सेहेचाळीस वर्षांची बाई, पातळ खोचून, गळ्यात दुर्बीण. वर आणखी दाट होता. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. व्याधसुद्धा दिसेना. सात एकतीस झाले. सात पस्तीस झाले. मी उडवीवरून घसरत खाली आले.

काही दिसलं नाही, एवढं लिहायचं होतं. सर तसं छापत: दिसलं नाही, ढग. त्यात काही कमीपणा नव्हता. पण त्या मास्तरणीला बेचाळिसावी नोंद हवी होती. आणि पुण्याला फोन करून "आमच्याच सासूबाईंच्या धुरानं दिसलं नाही" हे सांगायचं म्हणजे, शास्त्रात आणि घरात, दोन्हीकडे आपला वट नाही हे कबूल करायचं. मी कागदावर बघितलं. सात एकतीस. नुसतं सात एकतीस सांगितलं तर ते कागदावरून वाचल्यासारखं वाटेल, म्हणून मी त्याला सेकंद जोडले. किती जोडावेत याचा विचारही केला. दहा फार गोल वाटले.

"सात एकतीस आणि नऊ सेकंद," मी फोनवर म्हटलं. "व्याधाच्या वरून."

"वा," सर म्हणाले. "अगदी अंदाजाबरहुकूम."

रात्री मला झोप चांगली लागली. हे मी मुद्दाम सांगते, नाहीतर नातवंडांना वाटेल की आजीला तेव्हापासूनच टोचणी लागली होती.

गुरुवारी काही दिसणार नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी सरांचा फोन आला.

"बाई, धसईचे म्हणतात बुधवारी सात पंचवीसला गेली. सहा मिनिटांचा फरक. तुम्हा दोघांत सहा सेकंदांचा पडला तर मी समजू शकतो. एकाचं साफ चुकलंय."

"माझं—" मी म्हटलं.

"तुमचं नाही हो. तुमचं अंदाजाशी तंतोतंत जुळतंय. दोन दिवसांत सहा मिनिटं इतकी घाई ती करणार नाही. मागे त्यांनी विमान टिपलं होतंच. वय झालं, डोळ्यांचंही काहीतरी म्हणत होते. मी काल त्यांना सांगितलं, आता पुरे. धसईचं नाव यादीतून काढतोय. तुमच्या वेळेवरून हिशेब केला तर ती मंगळवारी पडेल. उद्या सात चोवीसला तुमच्याकडून एकदा दिसेल, ती नीट टिपा. आता सगळी भिस्त तुमच्यावर."

फोन ठेवला. खरं सांगायचं तर पहिली दोन मिनिटं मला बरं वाटलं. सगळी भिस्त तुमच्यावर, असं मला कोणी म्हणालं नव्हतं. मग मी चहा टाकला आणि चहा उकळता उकळता डोक्यात आकडे फिरू लागले. पडणारी वस्तू लवकर येते. आठवीच्या वर्गाला हे मीच शिकवत होते, फळ्यावर वर्तुळं काढून. जी वस्तू शेवटच्या आठवड्यात कागदावरच्या वेळेला येते, तिच्याबद्दल संशय घ्यायचा. आणि इथे नेमकी तीच वेळ मी दिली होती. काकांचे सात पंचवीस खरे होते. सात पंचवीसला मी बांधावर सासूबाईंशी भांडत होते, आणि ती माझ्या पाठीवरून, धुरावरून निघून गेली होती. पुढे सरांनीच सांगितलं की त्या वर्षी सूर्य खवळलेला होता. त्यानं वरची हवा फुगते आणि घर्षण वाढतं. ते नंतर. त्या क्षणी एवढंच कळत होतं की खोटं मी बोलले आणि आंधळे काका ठरले.

त्या संध्याकाळी मी टोप घासायला घेतला. घासत राहिले.

"काय गो, त्या टोपाचं काय ऱ्हायलंय अजून?" सासूबाई म्हणाल्या.

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांना टाकी, फेरी, सेकंद यातलं काही नको होतं. त्यांनी मधेच विचारलं, "त्या मानसानं खरं सांगितलं नि त्याला घरी बसवला?"

"हो."

"मंग जाऊन सांग त्याला."

"फोन करते."

"तोंड लपवायला फोन बरा असतो." त्या उठल्या. दारात थांबल्या. "आनि धूर आमचा व्हता म्हनून सांगू नको. धुरानं कुनाला फोन नाय केला."

शनिवारी सकाळची शाळा. पहिल्या तासाला मी एकच उदाहरण दोनदा सोडवलं, दोन वेगळी उत्तरं आली, आणि मुलांनी दोन्ही वहीत उतरवून घेतली. शाळा सुटल्यावर धीर गोळा करण्यात दुपार गेली, मग शहापूरहून किन्हवलीवरून मुरबाडची गाडी धरली. खिडकीशी बसले तर उन्हानं डोळे चुरचुरायला लागले, मधे सरकले तर शेजारणीच्या टोपलीतली कोंबडी सारखी माझ्याकडे बघायला लागली. सगळ्या वाटेनं मी वाक्य जुळवत होते. काका, एक गैरसमज झालाय. हे खोडलं. काका, माझ्याकडून थोडी घाई झाली. हेही खोडलं. मुरबाडच्या स्टँडवर धसईची गाडी लागायला वेळ होता. चौकशीच्या खिडकीपाशी मी तीनदा गेले. तिसऱ्यांदा आतला माणूस म्हणाला, "बाई, बसा ओ. तुमी फिरल्यानं गाडी लवकर नाय यायची."

धसईला पोचले तेव्हा साडेसहा होत आले होते. बाजार आवरत आला होता, वांग्यांचे क्रेट टेम्पोत चढत होते. काकांचं घर बाजाराच्या मागे. ते पडवीत खाटेवर बसले होते. समोर वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीनं बांधलेलं काहीतरी होतं.

"या बाई," ते म्हणाले. "दुर्बीण न्यायला आलात ना? बांधून ठेवलीय."

दुर्बीण सरांच्या मंडळाची होती. सरांनी त्यांना सांगितलं होतं की ती खर्डीच्या बाईंकडे पोचती करा. हे सरांनी मला सांगितलं नव्हतं. मी त्या पुडक्याकडे बघत राहिले. सुतळीची गाठ अशी नीट मारली होती की पार्सल ऑफिसात कोणी नावं ठेवू नयेत.

बसमध्ये जुळवलेलं एकही वाक्य कामाला आलं नाही. "काका, बुधवारी मला काहीच दिसलं नाही," मी म्हटलं. "वेळ मी कागदावरून सांगितली."

त्यांनी पुडकं बाजूला सरकवलं. मग त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली, गाडीला अपघात झाल्यावर ड्रायव्हरला विचारतात तसे.

"बाहेर किती वाजता आलात?"

"सातला."

"का नाय दिसलं?"

"राबाचा धूर होता."

"कोनाचा राब?"

"आमचाच."

"व्याध दिसला?"

"नाही."

"मग नऊ सेकंद कुठनं आले?"

"मनातून."

"दहा का नाय?"

"दहा खोटे वाटले असते."

त्यांनी तोंड फिरवलं आणि अंगणाकडे बघितलं. हसले की काय, मला मागून कळलं नाही. वळले तेव्हा चेहरा जसा होता तसाच होता.

"लेखी द्या," ते म्हणाले.

"मी फोन करते ना सरांना, आत्ता. बाजारात बूथ आहे."

"फोन पन करा. पन आधी लेखी. तोंडी मी कधी घेतलं नाय." त्यांनी आतून आखीव कागद आणले, जुन्या रजिस्टरचे असावेत, आणि पेन. मला टेबलाशी बसवलं. मग पुडकं मांडीवर घेऊन गाठ सोडायला लागले. सुतळी कापली नाही. सोडून बोटांभोवती गुंडाळून खिशात ठेवली. "सर चोवीस म्हनतात. माझ्या हिशोबानं सात दहाच्या आत जाते. तुमी लिवा. मी बाहेर हाय."

टेबलावर त्यांचा रेडिओ होता. सातचे ठोके पडले, मी सवयीनं पिशवीत टाकून आणलेलं स्टॉपवॉच सुरू केलं, बाजूला ठेवलं आणि लिहायला लागले.

मी काय लिहीत होते ते मला अजून आठवतं आणि अजून कानशिलं तापतात. आदरणीय सर, सादर प्रणाम. आमच्या भागात भातशेतीच्या पूर्वापार पद्धतीनुसार मार्च महिन्यात रोपांची जागा भाजण्यात येते. तेथून मी टाहाळाच्या जाती आणि वाऱ्याची दिशा इथवर गेले. सासूबाईंचा स्वभाव आला. घरची जबाबदारी सांभाळून शास्त्राची सेवा करणाऱ्या ग्रामीण स्त्रीच्या अडचणी आल्या. पहिलं पान भरलं तरी बुधवार उजाडला नव्हता. दुसरं पान घेतलं.

"झालं का?" बाहेरून काकांनी विचारलं.

"होतंय."

"दोन ओळींचं हाय ना?"

"पार्श्वभूमी द्यायला हवी."

मी "तथापि" लिहिलं आणि त्याच्यापुढे काय लिहावं याचा विचार करत पेनाचं टोपण चावत होते. त्यांनी हाक मारली. आवाज जराही चढला नव्हता.

"बाई. आली."

मी उठले तशी खुर्ची पडली. एका पायात माझी चप्पल, दुसऱ्यात त्यांची. अंगणात आले, पश्चिमेकडे बघितलं, तिथे काही नव्हतं. ती केव्हाच डोक्यावरून पुढे गेली होती. काका पाठमोरे, पूर्वेला तोंड करून उभे. त्यांच्या खांद्यावरून मला ती दिसली. इतकी खाली, इतक्या घाईत मी कधीच बघितली नव्हती. तांबूस, गटांगळ्या खाणारी, क्षणात ठळक, क्षणात मंद. सह्याद्रीच्या कड्यावर एकदा चमकली आणि पलीकडे गेली. मला मिळाले असतील सात-आठ सेकंद.

काकांनी हातातलं घड्याळ डोळ्याजवळ नेलं. "सात आठ बेचाळीस. व्याधापाशी." मग माझ्याकडे वळले. "तुमची?"

माझं घड्याळ आत टेबलावर चालू होतं.

"मी लिहीत होते," मी म्हटलं.

"मग तसंच लिवा."

मी आत गेले. दोन्ही पानं फाडली. तिसऱ्यावर लिहिलं: बुधवारी मला टाकी दिसली नाही. सांगितलेली वेळ मी बनवली होती; धसईची वेळ खरी धरावी. आज शनिवारी धसईहून टाकी सात आठ बेचाळीसला व्याधापाशी दिसली. वेळ काकांची. मी घरात होते, मला शेवट दिसला. खाली सही केली. काकांनी कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि स्वतःच्या खिशात घातला.

"पेटीत मी टाकतो," ते म्हणाले.

बूथवर ते माझ्याबरोबर आले. मी आत शिरल्यावर त्यांनी दार पायानं अडवून उघडंच ठेवलं, एक शब्द सुटू नये म्हणून. मी सरांना सांगितलं. यावेळी राब मधे आला नाही.

"आणि बाकीच्या एकेचाळीस?" सरांनी विचारलं.

"त्या खऱ्या आहेत."

"मला कसं कळणार?"

मी काकांकडे बघितलं. त्यांनी हात पुढे केला, मी फोन त्यांना दिला. त्यांनी आधी वेळ सांगितली, मग तीच पुन्हा एकदा, मग ऐकत राहिले. "हा… हा… ठीक हाय साहेब. नाय, राग कसला… डोळ्याचं म्हनाल तर डावा गेलाय, उजवा चालू हाय… दुर्बीण माझ्याकडेच ऱ्हाऊ द्या ना मग." थोडा वेळ पुन्हा ऐकलं. सर माझ्याबद्दल विचारत असणार, कारण काकांनी माझ्याकडे बघितलं आणि मग नजर बाजारातल्या दिव्यावर नेली. "ते मी कसं सांगू? मी धसईत व्हतो. त्यांच्या एकेचाळीस वेळा मी काय बघितल्या नायत."

मला वाटलं होतं ते म्हणतील, बाई चांगल्या आहेत, राहू द्या. तसं म्हणायला त्यांना काही पडलं नसतं. ते म्हणाले नाहीत. तेव्हा मला त्यांचा राग आला, चांगला घसघशीत, मुरबाडपर्यंत पुरेल एवढा.

स्टँडवर त्यांनी मला गाडीत बसवलं. मी खिडकीतून विचारलं, "काका, रागावलात?"

त्यांनी गाडीच्या पाटीकडे बघितलं, मग हातातल्या घड्याळाकडे. "मुरबाडला उतरल्यावर शहापूरची लगेच धरा," ते म्हणाले. "तिच्या मागनं दुसरी नाय."

टाकी रविवारी दुपारी पडली, कुठल्याशा समुद्रात. काकांची शनिवारची वेळ आमच्या सगळ्यांच्या कागदांत तिची शेवटची ठरली, आणि तिच्यावरून सरांनी मंगळवार खोडून रविवार केला होता. महिन्याअखेरीला यादी आली. सरांनी माझ्या एकेचाळीसच्या एकेचाळीस नोंदी काढून टाकल्या होत्या. खाली एक ओळ होती: खर्डी येथील नोंदी रद्द. कारण छापलं नव्हतं. मी तो कागद घेऊन खळ्यात चारपाच फेऱ्या मारल्या, मग ओट्यावर सासूबाईंशेजारी बसून तो वाचायला लागले, वरपासून, एकेक गाव.

"तुझं नाव कुठाय त्यात?" त्यांनी विचारलं.

"नाही. काढलं."

"मंग वाचतेस कशाला?"

मी बोट खाली नेत नेत एका ओळीवर आले. बुधवार, सात पंचवीस. शनिवार, सात आठ बेचाळीस.

"धसईचं आहे," मी म्हटलं.